काय काम काढलं?

यवतमाळ जिल्ह्यातला माणूस नागपूरला जातो तो चार कारणांनी. दवाखाना, कोर्ट, बस्ता आणि मोर्चा. दवाखाना म्हणजे धंतोली-रामदासपेठेतला. आपल्या इथल्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि "एकदा नागपूरला दाखवून घ्या" असं हळू आवाजात म्हटलं, की त्या घरात जी सामसूम होते ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना मी काय सांगावी! कोर्ट म्हणजे हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. धुऱ्याचं भांडण आजोबांनी सुरू केलेलं असलं की नातवाला तिथल्या कँटीनचा पोरगा नावानिशी ओळखतो. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. एका नवरीच्या साड्या पसंत करायला एका जीपमध्ये अकरा माणसं बसून इतवारीला जातात आणि परतताना जीपमध्ये साड्या बसतात, माणसं लोंबकळतात. राहिला मोर्चा. तो डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनावर. त्याला ट्रकनं जायचं असतं आणि जेवणाचं पाकीट मिळतं.

पाचवं कारण माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यामुळे एखादं मध्यमवयीन जोडपं, बऱ्यापैकी कपडे केलेलं, हातात एक्सरेचा पिवळा लिफाफा नाही, कोर्टाच्या कागदांची पिशवी नाही, अशा संशयास्पद अवस्थेत यवतमाळच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीशी उभं दिसलं, की पाहणारा अस्वस्थ होतो. तो जवळ येतो. बॅगेकडे पाहतो. मग विचारतो, "काय काम काढलं?" हा आपल्या भाषेतला मोठा मार्मिक वाक्प्रचार आहे. काम नसेल तर ते विहिरीतून गाळ काढावा तसं काढायचं असतं. पण काढायचं असतंच. बिनकामाचा प्रवास ही गोष्ट आपल्या व्याकरणात बसत नाही.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो पुण्याला एका कंपनीत असतो आणि लोकांच्या सुखाची आखणी करणं हा त्याचा छंद आहे. माघ महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत तुमच्या. मामीला घेऊन रोमँटिक वीकेंड गेटअवेला जा. दोघंच. सगळं प्लॅनिंग माझ्याकडे!" फोनवर खरखर होती. मला 'गेटवे' ऐकू आलं. म्हटलं, बाबा रे, धामणगाव गाठून रात्रीची गाडी पकडायची, मुंबईला जायचं आणि त्या कमानीखाली कबुतरांत उभं राहून फोटो काढायचा, यात रोमँटिक काय आहे? भाचा पाच मिनिटं हसत होता. पण मी म्हटलं ते अगदीच गैरलागू नव्हतं. गेटवे ऑफ इंडिया हीसुद्धा एका जोडप्याच्या सहलीचीच आठवण आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईला उतरले १९११ साली आणि त्यांच्या स्वागताची कमान पुरी झाली १९२४ साली. जोडपं आलं, दिल्लीत दरबार भरवून परत गेलं, मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं, आणि मग कमान. नवराबायकोच्या प्रवासाची आखणी या देशात कोणत्या वेगानं होते, याचा तो दगडी दाखला आहे.

भाच्याचं म्हणणं होतं, दूर नको, नागपूरच करा. मोठं शहर, २०१९ पासून मेट्रो, तलाव, बागा, हॉटेलं. आता यात एक गंमत बघा. मुंबई-पुण्याची जोडपी दोन दिवस मोकळी झाली की शहरातून बाहेर पळतात, लोणावळा म्हणू नका, माथेरान म्हणू नका. नागपूरची माणसं तर वाघ पाहायला आमच्या टिपेश्वरला येतात. आणि आम्ही टिपेश्वरवाल्यांनी रोमान्ससाठी जायचं ते नागपूरला! मी भाच्याला विचारलं, "अरे, शांतता आमच्याकडे पोत्यानं भरलेली आहे. ती सोडून त्या ट्रॅफिकमध्ये कशाला?"

विचारून टाकलं, पण रात्री अंथरुणात पडल्यावर माझ्या लक्षात आलं की उत्तर मला ठाऊक आहे. शांतता आमच्याकडे आहे, एकांत नाही. सौ.ला घेऊन संध्याकाळी दत्त चौकापर्यंत पायी गेलो तर जाताना तीन आणि येताना चार जण थांबवतात. पहिला विचारतो, "गाडी बिघडली काय?" दुसरा विचारतो, "आईची तब्येत बरी आहे ना?" तिसरा काही विचारत नाही, नुसता बघून हसतो, आणि ते फार वाईट. लग्नानंतर आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. विदर्भाला थंड हवेचं ठिकाण एकच, त्यामुळे विदर्भातली यच्चयावत नवी जोडपी तिथे गोळा होतात आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे नातेवाईक. भीमकुंडाच्या कठड्याशी उभं राहून मी हिला काहीतरी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात मागून हाक आली, "जावईबापू!" हिचे चुलतमामा सहकुटुंब आले होते. पुढचे दोन दिवस आम्ही सात जण होतो. मी काय सांगणार होतो ते मला आता आठवत नाही; हिला विचारलं तर म्हणते, "महत्त्वाचं असतं तर पंचवीस वर्षांत सांगितलं असतं."

बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभीची एक कथा आहे. आधी तो एकटाच होता. एकट्याला करमेना. म्हणून त्यानं दुसरं कोणीतरी असावं अशी इच्छा केली आणि त्यातून नवरा-बायको झाले. ऋषी तत्त्वज्ञ होते, त्यांनी हिशेब दोनावर आणून ठेवला. आपण संसारी माणसांनी तो पुढे नेला. दुसऱ्यानंतर आई, वडील, आत्या, मुलं, मुलांचे शिकवणीचे मित्र, गॅस सिलिंडरवाला. एकट्याला करमत नाही हे उपनिषदानं सांगितलं. दोघांना दोघंच हवे असतील तर काय, हा प्रश्न ऋषींना पडला नसावा. अरण्यात राहत होते, जागेची टंचाई नव्हती.

जागेच्या टंचाईवर १९७० साली राजा ठाकूरांनी 'मुंबईचा जावई' हा चित्रपट काढला. चाळीतलं भरलं घर, नवं लग्न आणि एक कोपरा मिळायची मारामार. पुढे १९७२ मध्ये त्यावरून हिंदीत 'पिया का घर' निघाला. आम्ही तो पाहून पोट धरून हसलो, कारण आमची घरं मोठी होती. अंगण होतं, मागे परस होतं, मधली खोली, माजघर, सगळं होतं. फक्त मधल्या खोलीत आईची खाट होती आणि कोणत्याही खोलीतून कोणत्याही खोलीत जायला मधल्या खोलीतूनच वाट होती.

मुंबईकरानं यावर जो तोडगा काढला तो मला थोर वाटतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर संध्याकाळी ओळीनं जोडपी बसलेली असतात, दोन जोडप्यांत हात-दीड हाताचं अंतर. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, पाठ शहराकडे. मागून हजारो माणसं चालत असतात आणि कोणीही बघत नाही. बघत नाही म्हणजे दिसत नाही असं नव्हे. दिसतं, पण न बघण्याचा त्या शहरात एक अलिखित करार आहे. मोठं शहर माणसाला फारसं काही फुकट देत नाही, पण ही एक गोष्ट देतं. एकांताला निर्जन जागा लागत नाही, अनोळखी माणसं लागतात.

मात्र इथे मला गावाचीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. आठ वर्षांपूर्वी बाबांना नागपूरला हलवलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. गल्लीतले सहा दिवे लागले. जो रोज "कुठे चालले?" विचारून माझं डोकं खायचा त्यानं न विचारता गाडी काढली. सकाळी दवाखान्याच्या जिन्यात आमच्या गावची नऊ माणसं बसलेली होती आणि त्यांतल्या दोघांशी आमचं बोलणंसुद्धा नव्हतं. पुढे एकोणीस दिवस घरी आईला कोणी चूल पेटवू दिली नाही. तेव्हा ज्या डोळ्यांना मी वैतागतो ते डोळे नुसते भोचक नाहीत. ते पहाऱ्यावर आहेत. आता पहारेकऱ्याला असं सांगता येईल का, की बाबा, चोर आला तर जागा राहा आणि मी बायकोबरोबर फिरायला निघालो की तेवढा झोप? मला वाटतं, नाही येत. जो पाहील तो सगळंच पाहील. प्रश्न एवढाच उरतो की दोन दिवसांपुरती त्याच्याकडे रजा मागायची, की त्याला फसवायचं.

मित्रमंडळींचा कौल फसवण्याकडे होता. कट्ट्यावर बसून त्यांनी पंधरा मिनिटांत मला आठ कारणं काढून दिली. गुडघा, मोतीबिंदू, हिचा थायरॉइड, माझं प्रॉस्टेट. एकानं तर माझ्या प्रॉस्टेटची बातमी गावात आपण होऊन पसरवायची तयारी दाखवली. सगळी कारणं वैद्यकीय होती. बस्त्याला घरात लग्न लागतं, कोर्टाला वैरी लागतो. आजाराला काही लागत नाही.

खोटं बोलावं की नाही यावर जगात फार विचार झालेला आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७९७ साली एक निबंध लिहून सांगितलं, की खुनी माणूस दारात येऊन "तुझा मित्र घरात लपलाय का?" असं विचारत असला तरीसुद्धा खोटं बोलू नये. कडक माणूस. पण कांटनं जन्मात लग्न केलं नाही आणि आपलं गाव नि त्याचा आसपास सोडून तो कुठे गेला नाही. खुनी परवडला, त्याला शेजारच्या वहिनींनी "जोडीनं कुठे चालले भाऊजी?" असं कधीच विचारलं नव्हतं. आपलं महाभारत त्या मानानं समजूतदार. थट्टेत, बायकांपाशी, लग्नाच्या वेळी, प्राणावर बेतलं असता आणि सर्वस्व जात असता, अशा पाच ठिकाणी खोटं बोललं तर दोष नाही, असं आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला समजावते. मी हा आधार सौ.पुढे ठेवला. म्हटलं, लग्नाची वेळ किती दिवस चालते हे काही व्यासांनी लिहिलेलं नाही, आपली अजून चालू आहे असं धरू. तिनं विचारलं, "शर्मिष्ठेला ययातीकडून काय हवं होतं?" ते मी सांगितलं. "आणि देवयानी तिची कोण?" तेही सांगितलं. मग तिनं भाजी निवडायला घेतली आणि महाभारताचा आधार संपला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजाराचं नाव घेऊन मी येणार नाही. घरच राहीन."

मला वाटलं, तोंडून निघालेलं आजाराचं नाव घरात शिरतं, ही आपल्याकडची समजूत आहे, तसलं काही असेल. ते नव्हतं. ती म्हणाली, "मी सात वेळा नागपूरला गेले. एकदा बाबांच्या वेळी, एकोणीस दिवस. दोनदा आईचे डोळे. मग माझ्या भावाचा ॲक्सिडेंट. सातही वेळा त्याच गल्ल्या. मी नागपूर पाहिलं ते दवाखान्याच्या खिडकीतून आणि खालच्या मेडिकलच्या काउंटरपर्यंत. लोक फुटाळा फुटाळा म्हणतात, तो कोणत्या बाजूला आहे मला माहीत नाही. एकदा तरी मला त्या गावात कोणीही आजारी नसताना जायचंय. आणि तुम्ही म्हणता, खोटा तर खोटा, पण एक आजारी बरोबर घेऊन जाऊ."

यावर कांटपाशीही उत्तर नव्हतं आणि व्यासांपाशीही.

मग भाच्याची कागदपत्रं येऊ लागली. त्यानं हॉटेलं पाहिली आणि मला एक पत्रक मोबाइलवर पाठवलं. त्यावर दोन हंसांच्या माना एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'कपल पॅकेज'. मी तो शब्द वाचला आणि थांबलो. पुण्याच्या पोराला काय माहीत, पण आमच्या जिल्ह्यात पॅकेज या शब्दाला दुसरा अर्थ आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आमचा यवतमाळ. तेव्हापासून पॅकेज म्हटलं की आम्हाला चुलीपुढे बसलेली एक बाई आणि अंगणात उभे राहिलेले पत्रकार आठवतात. इथे दोन हंस. एका रात्रीचे त्या हॉटेलचे पैसे मी कापसात मोजायला लागलो, आणि ती सवय एकदा लागली की सुटत नाही. ज्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं हे ठाऊक आहे, त्या जिल्ह्यातल्या माणसानं तलावाकाठी बसून बायकोशी गप्पा मारण्यासाठी एवढे पैसे खर्चावेत का? हा प्रश्न गमतीचा नाही, आणि तो मी गमतीत विचारत नाही.

मी तो माझ्या एका शाळासोबत्याला विचारला. त्याची दारव्ह्याकडे आठ एकर कोरडवाहू आहे आणि त्यानं ते सगळं जवळून पाहिलेलं आहे. त्याच्या सख्ख्या चुलतभावाच्या घरी. त्यानं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. म्हणाला, "तू नागपूरले नाई गेला, त माह्या कापसाले भाव येनार हाये काय?"

"तसं नाही रे—"

"तसंच हाये. तू घरी बसून तोंड पाडशीन, त त्याचा मले काय फायदा?" मग जरा थांबून म्हणाला, "मी हिले एकदाच नेलं नागपूरले. सोयरिकीले. येतानी गाडीले टाइम होता त बर्डीवर उभे राह्यलो. धा मिन्टं. हिनं नुसतं पाह्यलं, घेतलं काई नाई. ते धा मिन्टं अजून सांगते ते लोकाइले."

माझा प्रश्न त्यानं सोडवला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याचं दुःख आपल्या दारात उभं असताना आपण हसावं की नाही, हे 'हसलास म्हणून माझं वाढत नाही' एवढ्यानं मिटत नाही. पण जो प्रश्न त्यानं विचारायचा तो त्याच्या वतीनं मीच विचारत होतो, आणि त्याच्या वतीनं उत्तरही मीच देत होतो, नकाराचं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. हंसांचं हॉटेल मात्र मी रद्द केलं आणि स्टँडजवळचं साधं पाहिलं. भाचा नाराज झाला. तिथे गुलाबाच्या पाकळ्या मिळत नाहीत म्हणाला.

राहता राहिली आई. तिचं वय ऐंशीच्या पुढे आणि कान अजून तिखट. सौ.चा आग्रह होता की जे आहे ते सांगायचं. म्हणून एका दुपारी मी खाटेशी बसून म्हटलं, "आई, आम्ही दोघं शनिवारी नागपूरला जातोय."

"कोनाची तब्येत?" आई उठून बसली.

"कोणाची नाही. नुसतं फिरायला."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तिच्या सासूच्या काळात नवऱ्याशी चारचौघांत बोलायचीसुद्धा सोय नव्हती. हे आम्ही शंभर वेळा ऐकलेलं. पण ती एकदम शकुंतलेवर गेली. नव्या वाचकांसाठी सांगतो, शकुंतला ही आमची अरुंद रुळांची रेल्वे, यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. इंग्रजी कंपनीनं कापसासाठी टाकलेली. स्वातंत्र्यानंतरही रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता काही वर्षांपासून ती बंदच आहे. तिच्याइतक्या सावकाश गाडीला, नवरा विसरून गेलेल्या बाईचं नाव ज्यानं दिलं, त्याला रेल्वेचंही कळत होतं आणि संसाराचंही.

आईचं माहेर कारंज्याचं. वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेला, बाबा तिला शकुंतलेनं पोचवायला जात. "दारव्हा गेलं का मी पदर खाली घेओ," आई म्हणाली. "तुहे बाबा फुटाने घेत. गाडी इतकी हळू, इतकी हळू, का एखांद्यानं उतरून पानी पिऊन पुन्हा चढावं. त्यायचं बोलनं मंग चालू होये. घरी मानूस वर्षभर हू का चू करे नाई, अन् गाडीत कारंजा येईलोक थांबे नाई."

"डब्यात बाकीचे लोक असतील की."

"होते ना. पन आपले नव्हते."

मरीन ड्राइव्ह, उपनिषद, राजा ठाकूर असं सगळं फिरून मी जिथे पोचलो होतो, तिथे म्हातारी तीन शब्दांत उभी होती. आणि खोटं बोलावं की नाही हा तिला प्रश्नच पडला नव्हता. माहेर खरं होतं, सण खरा होता, कारण पक्कं होतं. सुख तिनं मुक्कामावर ठेवलंच नव्हतं, ते तिनं वाटेत ठेवलं होतं, तिथे कोणी विचारायला येत नाही. आता वाट उरलेली नाही. एस.टी. तीन-साडेतीन तासांत नागपूरला नेऊन टाकते.

"कोणी विचारलं तर काय सांगशील?" मी विचारलं.

"सांगीन, गेले म्हनून."

शुक्रवारी शेजारच्या वहिनींना सांगितलं. आईला रात्री सोबत हवी होती. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि हिनं उत्तर दिलं, "सगळ्यांची बरी आहे, म्हणूनच चाललो." वहिनी क्षणभर बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अवं, मंग बरं झालं! रिकाम्याच चालल्या त माह्यं एक काम करता काय?" आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे अकरा कामं जमली. संत्रा बर्फी दोन किलो. मिक्सरच्या भांड्याचं झाकण. बर्डीवरून ब्लाऊजपीस, त्यासाठी साडीची कापलेली कोर. कोणाच्या वसतिगृहातल्या मुलीला लोणच्याची बरणी. आणि वहिनींचा स्वतःचा तपासणीचा रिपोर्ट, धंतोलीतून आणायचा. मी म्हटलं, एवढं एक नको घेऊस. ही म्हणाली, "रिपोर्ट आणायला किती वेळ लागतो!"

शनिवारी निघालो. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सरकारी हिशेबानं जोडपं म्हणजे दीड माणूस. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं नाही, हे नमूद केलं पाहिजे. भाच्यानं तक्ता करून दिला होता: ५ वाजता चहा, ५.४० ला फुटाळा, ६.१५ ला सूर्यास्त, सूर्यास्तानंतर 'मनमोकळ्या गप्पा', त्यासाठी पाऊण तास.

रिपोर्ट घ्यायचा दवाखाना बाबांचा नव्हता, पण गल्ली तीच. ही आत गेली, लिफाफा घेऊन बाहेर आली. पायऱ्यांवर एक बाई बसलेली होती. साठीची असेल. शेजारी डब्याची पिशवी, थर्मास, घडी केलेलं सोलापुरी पांघरूण. तिनं हिच्याकडे पाहिलं. "कुठल्या व बाई?"

"यवतमाळच्या."

"आमी घाटंजीकडले. तुमच्या कोनाची तब्येत?"

हिनं त्या दिवशी अबोली रंगाची साडी नेसली होती आणि स्टँडवर उतरल्यावर मी घेऊन दिलेला गजरा माळला होता. मी पाहत होतो. तिचा हात केसांकडे गेला, पदर डोक्यावरून पुढे आला. दुसऱ्या हातातला लिफाफा तिनं किंचित वर धरला.

"शेजारच्या वहिनींची," ती म्हणाली.

वाक्य अक्षरशः खरं होतं. मग ती त्या बाईशेजारी पायरीवर बसली. बाईचा नवरा आत होता, पाचवा दिवस. हिनं तिला सांगितलं की रात्री गरम पाणी कोणत्या टपरीवर मिळतं, कोणत्या मेडिकलवाल्याला म्हटलं की तो किमतीत थोडं कमी करतो, रात्रपाळीच्या चौकीदाराला काका म्हटलं तर तो आतल्या बाकावर झोपू देतो. टपरी अजून आहे की नाही ते तिनं मला उठून पाहून यायला लावलं. होती. एकोणीस दिवसांचं ते ज्ञान आठ वर्षं तिच्याजवळ पडून होतं.

फुटाळ्याला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. तलाव अंधारात होता आणि काठावर दिवे लागलेले होते. गर्दी पुष्कळ, ओळखीचं एकही नाही. मी फुटाणे घेतले. आम्ही कठड्यावर पाण्याकडे तोंड करून बसलो. तेवढ्यात भाच्याचा फोन.

"मामा, सूर्यास्त कसा होता?"

"चांगला होता म्हणे," मी सांगितलं.

हिनं पुडीत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "संपले. अजून घ्या ना."